पंखाच्या मुळाशी काळं

आमच्या घरात लहान मूल नव्हतं, तरी काजळाची डबी सारखी रिकामी व्हायची. आई एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याचं ताट उपडं धरून काजळ पाडायची, आणि बाबा ते विमानाला लावायचे. मी ऑफिसला निघताना आरशासमोर उभी राहून डबीत बोट घालावं, तर तळाला नुसता तुपाचा ओशटपणा. मग माझी सकाळ त्यावरून भांडण्यात जायची. "मुलीच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या विमानाचं धुराडं महत्त्वाचं ना!" असं मी म्हणायचे, आणि बाबा भिंग डोळ्यापासून न हलवता म्हणायचे, "धुराडं नाही, एक्झॉस्ट."

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. आम्ही घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर, दोन खोल्यांत राहत होतो. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या कौलांवरून इतकी खाली यायची की मांडणीतले पेले किणकिणायचे. बाबांनी त्या मोठ्या विमानांकडे मान वर करून कधी बघितलं नाही. त्यांचं विमान एकच होतं, माझ्या धाकट्या भावाचं.

भाऊ आयटीआय करून मेकॅनिक झाला होता आणि कापसावर औषध फवारणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागला होता. पावसाळा सुरू झाला की तो तिकडे विदर्भात जायचा. कंपनीचं विमान एकच, एका इंजिनाचं आणि बरंच जुनं. पायलटपुरती एक खुर्ची आणि औषधाच्या टाकीपाशी मेकॅनिकला अंग चोरून बसता येईल अशी एक बैठक. एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना भाऊ त्या बैठकीत बसून जायचा. त्याने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मजा म्हणून सांगितलं. मला त्यात काही मजा वाटली नाही. त्याने ती नोकरी सोडावी आणि त्या टाकीपाशी पुन्हा बसू नये, एवढंच मला त्या दोन वर्षांत हवं होतं, आणि तेवढंच कोणी ऐकत नव्हतं.

बाबा फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. म्हणजे निगेटिव्हवर आणि प्रिंटवर बारीक ब्रशने काम. देवीचे व्रण घालवायचे, नवरीचा रंग उजळायचा, वेगवेगळ्या फोटोंतल्या नवरा-बायकोला शेजारी बसवायचं. पण त्यांचं नाव होतं ते डोळे उघडण्यासाठी. घरात कोणी गेलं आणि आयुष्यात एकही फोटो काढलेला नसला, की लोक शेवटचा, निजवलेला फोटो घेऊन यायचे. बाबा त्यात माणसाला बसतं करायचे, अंगात कोट घालायचे आणि डोळे उघडायचे. हार घालायला फोटो तयार. रंगीत फोटो आले आणि स्टुडिओने त्यांना घरी बसवलं. हात मात्र तयार होता आणि नजर शाबूत. बसून बसून यांना घर खायला उठेल अशी आईला भीती होती, तेवढ्यात भावाने त्याच्या विमानाचे फोटो आणले.

बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. लहानपणी त्यांनी तिथे लाकडी खेळणी घडताना पाहिली होती. त्यांनी गावाहून पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका मागवला आणि कोरायला बसले. पंख पसरले की हातभर भरेल असं विमान. खऱ्या विमानात पत्र्यांचे जोड येतात तिथे शिंप्याकडची दातेरी चक्री फिरवून त्यांनी रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा उठवल्या. पिवळा रंग चढवला. ते विमान इतकं देखणं झालं की मीसुद्धा भांडण विसरून बघत राहिले.

आणि मग त्यांनी ते घाण करायला घेतलं.

"आयुष्यभर लोकांचे डाग पुसले," ते म्हणाले, "आता जरा घालून बघतो." त्याला त्यांचा एक कायदा होता. कारणाशिवाय डाग घालायचा नाही. भाऊ सुट्टीत घरी असला की त्याला समोर बसवून त्यांची चौकशी चालायची. इथलं पिवळं का उडालं? पायलट इथे पाय ठेवून चढतो. हा पांढरट ओघळ कसला? औषधाचा, वर नळी गळते. इंजिनामागे पोटाला काजळाचा फराटा, चाकांना भिजवलेल्या राखेची आणि काळ्या मातीची पुटं, नटबोल्टांभोवती गेरू, पंखांवर चहाच्या पाण्याचा एक हलका हात. प्रत्येक डाग मागच्या बाजूला ओढलेला, कारण वारा पुढून येतो. महिन्याभरात ते विमान खरं दिसायला लागलं, आणि मला ते आवडेनासं झालं. गुळगुळीत होतं तोवर ते खेळणं होतं. आता त्यात माझा भाऊ बसायचा ते दिसायला लागलं.

त्या वर्षी हंगामाआधी पायलट, भावाचा 'कॅप्टन', आमच्याकडे जेवायला आला. गोराईचा ख्रिश्चन मुलगा, भावापेक्षा थोडा मोठा, गळ्यात चांदीचा क्रॉस आणि हसायला एकदम तयार. घरी एकटी म्हातारी आई. दुबईच्या मामाच्या पैशावर विमान चालवायला शिकला होता. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, ते त्याने तीनदा मागून घेतलं, त्यामुळे आईच्या दृष्टीने तो घरचाच झाला. जेवण झाल्यावर बाबांनी विमान त्याच्या हातात दिलं. त्याचं हसणं थांबलं. त्याने ते डोळ्यांजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिलं.

"बाबा, वाट लावली तुम्ही," तो म्हणाला. "सेम टू सेम आहे यार. फक्त पेट्रोलचा वास नाही."

मग त्याने बोटाने पंख अंगाला जिथे जोडला होता ती जागा दाखवली. "इथं काय नका लावू हां. इथं साफच ठेवा."

"का?" बाबांनी विचारलं. कारण हवंच.

"इथले रिव्हेट ढिले झाले ना, की पत्रा पत्र्यावर घासतो. त्याची काळी भुकटी होते, आणि प्रत्येक रिव्हेटच्या मागे अशी बारीक शेपटी निघते. रोज सकाळी मी पहिलं इथंच बघतो, हात फिरवून. इथं काळं दिसलं, तर मी त्या दिवशी उडत नाही. मालक किती पण बोंबलू दे."

भाऊ मान हलवत होता. मी पायलटला सरळच म्हटलं, "मग तुम्ही बघता तोवर माझा भाऊ तुमच्या भरवशावर." तो म्हणाला, "नाही ताई, मी त्याच्या. रात्री विमान त्याच्याकडे असतं."

ते वाक्य तेव्हा मला बरं वाटलं होतं.

गणपतीच्या दिवसांत भाऊ अचानक घरी आला. आम्ही त्याची वाट बघत नव्हतो, ऐन हंगाम होता. पाटावर बसला, मोदक फोडला आणि तसाच ठेवून म्हणाला, "कॅप्टनने विमान खाली ठेवलंय. पंखाला काळं आलं."

बाबांनी हात धुतले, विमान काढलं आणि म्हणाले, "दाखव." भाऊ दाखवत गेला आणि बाबा काजळात ब्रशचं टोक बुडवून ओढत गेले. डाव्या पंखाच्या मुळाशी, एकामागून एक, काळ्या केसाएवढ्या शेपट्या. मी ओटीवरून बघत होते. इतके दिवस ती घाण म्हणजे बाबांचा छंद होता. ही घाण आज तिकडे खरोखर होती, आणि माझा भाऊ परत तिकडे जाणार होता.

"आता जाऊ नकोस," मी म्हटलं.

"ताई, काम चालू आहे ना. मालक माणूस आणतोय, पंख उघडून सगळे रिव्हेट बदलणार."

"आणि नाही आणला तर?"

"तू गप ना यार. सणाच्या दिवशी काय लावलंय."

आईने माझ्याकडे डोळे वटारले. वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं तिचं. मी रागाने स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. राग आला की मी भांडी आपटायचे, अजूनही आपटते.

बाहेर आले तेव्हा बाप-लेक खिडकीशी उजेडात बसले होते. भाऊ विचारत होता, "बाबा, जुन्या रंगात एखादी जागा नव्याने रंगवायची असेल, तर ती रंगवली आहे हे कळू नये असं कसं करायचं?"

बाबांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत मुलाने त्यांची विद्या कधी मागितली नव्हती. त्यांनी त्याला एका जुन्या पिवळ्या डब्यावर करून दाखवलं. नवा रंग तसाच लावायचा नाही, तो ओरडतो. उन्हाने विटलेला रंग बघायचा, त्यात कणभर काळा, कणभर तांबडा घालून तिथवर उतरवायचा. नुसता डाग झाकायचा नाही, नाहीतर ठिगळ दिसतं. कड पसरत न्यायची, जुन्या रंगात विरेपर्यंत. वरून कोरड्या कापडाने चमक मारायची. भावाचा हात चांगला होता. त्याने मारलेला रंग डब्यावर शोधून सापडेना. "माझा हात आलाय याला," बाबा आईला म्हणाले. कशासाठी हवंय ते त्यांनी विचारलं नाही. प्रत्येक डागाचं कारण विचारणारा माणूस, पण हे नाही विचारलं. मीही ते दोघे बसलेले बघून मनातून सुखावले होते.

भाऊ परत गेला. त्यानंतर काही कळलं नाही. आमच्याकडे फोन नव्हता, आणि तो लिहिण्यातला नव्हता. मी रोज ऑफिसात दुसऱ्या कोणाचा निरोप आला तरी दचकायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळी, शिलाईचं मशीन, बाबांचे ब्रश, सगळं पाटावर मांडायची पद्धत. त्या सकाळी बाबा फुलं आणायला गेले होते. मी आंघोळ करून आले तर आई मोरीत बसलेली, हातात कपड्यांचा साबण आणि नारळाच्या काथ्याची किशी.

"आई! काय करतेस?"

"काय म्हणजे? देवाकडे ठेवचा नाय? असल्या घाणेरड्या विमानाक हळद-कुंकू लावतत काय खय?"

काजळ, राख, गेरू, चहा, सगळं मोरीतून वाहून गेलं होतं. खालचा पिवळा रंग पक्का, तो तेवढा राहिला. आईने विमान पदराने पुसलं, पाटावर ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि झेंडूचा छोटा हार घातला. तिच्या मनात काही वावगं नव्हतं. ज्यावर पोट चालतं त्या वस्तूला वर्षातून एकदा न्हाऊ घालायचं, हेच ती शिकली होती, आणि मुलाचं पोट विमानावर चालत होतं.

बाबा आले आणि दारातच थांबले. ते आईवर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "अगो, काय केलंस हे? ते काळं कशाला होतं तुला ठाऊक नाही? ते पुसलंस तर कळणार कसं?" मग त्यांनी जवळ जाऊन विमानाचा हार काढून घेतला. आई म्हणाली, सणाच्या दिवशी हार काढू नये. बाबा म्हणाले, "हार कशाला घालतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही." दिवसभर पाटावर ते पिवळंधमक विमान पहिल्या दिवसासारखं चमकत होतं, आणि मला ते नजरेसमोर नको झालं होतं.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी भाऊ दारात उभा राहिला. त्याला बघून मी आधी देवाला हात जोडले, मग त्याचा चेहरा पाहिला. शर्ट मळलेला, हातात नुसती पिशवी.

"कॅप्टन गेले," तो म्हणाला. "पंख तुटला."

तो त्या बैठकीत नव्हता. औषधाच्या पिंपांबरोबर जीपने पुढे निघाला होता. आईने रडत रडत मीठमोहरी ओवाळून त्याची दृष्ट काढली. माझ्या मुलाला देवाने जीपमध्ये बसवलं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याचा मुलगा गेला होता आणि माझ्या मनात पहिली आली ती सुटका. भाऊ मात्र ओवाळून घेताना आईकडे बघत नव्हता.

चार दिवसांनी त्याने पिशवीतून एक फोटो काढून बाबांसमोर ठेवला. पायलटच्या आईकडे मोठा झाल्यावरचा त्याचा एकही धड फोटो नव्हता, तिला मोठा करून हवा होता. फोटो खंडेनवमीचा होता. धुतलेलं विमान, नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ. पंखाला टेकून पायलट उभा, कपाळावर कुंकू, आणि ऊन तोंडावर आल्यामुळे डोळे मिटलेले.

"डोळे उघडावे लागतील," बाबा म्हणाले.

ते भिंग घेऊन खिडकीशी बसले. मी चहा ठेवला तरी त्यांनी वर पाहिलं नाही. ते चेहऱ्याकडे बघतच नव्हते, त्याच्या खांद्यामागे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी भावाला हाक मारली.

"सगळ्या पंखावर पोपडे आहेत. पाय ठेवायच्या जागेचा रंग उडालेला आहे. औषधाचे ओघळ धुवूनही राहिलेत. मग इथेच मुळाशी एवढं साफ कसं?"

भाऊ खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"रिव्हेट बदलले का?"

"नाही. माणूस आलाच नाही. थोडे ठोकून बसवले, परत काळं आलं. मी पुसायचो, परत यायचं. कॅप्टन उडायला तयार नव्हते. मालक म्हणाला पूजेला विमान चांगलं दिसू दे, तेवढा हंगाम निघू दे. म्हणाला, तुझी पण नोकरी आहे. नवमीला सकाळी कॅप्टननी हात फिरवून बघितलं. मला म्हणाले, झालं का रे काम? मी हो म्हटलं."

बाबांनी भिंग परत डोळ्याला लावलं. त्यांना पुढचं विचारायची गरज नव्हती. कड कशी पसरत नेली होती, रंग कुठवर उतरवला होता, ते त्यांना फोटोत दिसत होतं. मलाही तो पिवळा डबा आठवला, खिडकीशी बसलेले ते दोघे आठवले.

"तुम्ही शिकवलं तसंच केलं," भाऊ म्हणाला. तो बाबांना दोष देत नव्हता. लहान मुलाने सांगावं तसं सांगत होता.

पुढे विचारपूस झाली. माणसं आली, गेली. जळालेल्या पत्र्यावर रंग कुठला सापडणार? मालकाने दुसरा कुठलातरी धंदा काढला. भावाने पुन्हा विमानाला हात लावला नाही. भांडुपला एका स्कूटरच्या गॅरेजात लागला, आणि दसऱ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक गाडी रंगवून मागायला लागलं की तो दुसऱ्या कोणाला पुढे करायचा.

बाबांनी फोटो केला. त्या कामाला त्यांनी कधी घेतला नसेल इतका वेळ घेतला. मागचं विमान पुसून तिथे निळं आकाश केलं. कपाळावरचं कुंकू घालवायचं का असं त्यांनी विचारलं, तर भाऊ म्हणाला, "राहू द्या, त्यांनी हौसेने लावून घेतलं होतं." शेवटी डोळे. उघडताना माणूस कुठे बघत होता ते आधी ठरवावं लागतं, असं बाबा नेहमी सांगायचे. त्यांनी पायलटला सरळ समोर बघायला लावलं, त्यामुळे घरात कुठेही उभं राहिलं तरी तो आपल्याकडेच बघायचा. तो फोटो घरात होता तोवर भाऊ बाहेर ओटीवर झोपला.

मग बाबा, भाऊ आणि मी असे तिघे गोराईला गेलो. बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत, आणि तिथून होडीने पलीकडे. भावाने फोटो कागदात गुंडाळून छातीशी धरला होता. वाटेत बाबा म्हणाले, "तिला सांगायचं का?" भाऊ म्हणाला, "मी सांगतो." एवढंच बोलणं झालं.

म्हातारीने आम्हाला बाकावर बसवलं, चहा दिला. अंगणात बोंबील वाळत होते. भावाने कागद सोडला आणि फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने आधी कुंकू बघितलं आणि रडता रडता हसली. मग फोटो उजेडाकडे तिरपा धरला, जवळ नेला, आणि आपला जाडसर हात त्याच्या खांद्यावरून, मागच्या त्या निळ्या आकाशावरून हळूहळू फिरवला. तिचा मुलगा रोज सकाळी पंखावरून फिरवायचा, तसाच. भाऊ सांगायला तोंड उघडत होता, तेवढ्यात ती बाबांना म्हणाली,

"किती साफ काम आहे हो तुमचं. कुठं काय होतं, काय पण कळत नाही."

भावाने कप खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. तिला कोणीच काही सांगितलं नाही.